कोब्यातली लिंबोणी

एकाच खड्ड्यात अकरा महिन्यांत तीन लिंबोण्या मारून दाखवणारा माणूस अख्ख्या लातुरात एकच निघाला, आणि तो म्हणजे भुजंगराव हापसेवाले. आडनाव त्यांचं वेगळं आहे, पण ते पेन्शनच्या कागदापुरतं. निलंग्यापासून रेणापूरपर्यंत कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो हापसेवालेच म्हणेल. चौतीस वर्षं पंचायत समितीच्या गाडीत बसून या माणसानं गावोगावचे हापसे दुरुस्त केले. दांडा चारदा खाली-वर करायचा, मान तिरकी करून आवाज ऐकायचा आणि सांगायचं, वॉशर गेलंय, की पाइप गळतोय, की खाली पाणीच उरलं नाही. जमिनीच्या पोटातलं दोनशे फुटांवरचं त्यांना कानानं कळायचं. दोन हातांवर बसलेल्या बायकोच्या छातीतलं तेवढं कळलं नाही, असं त्यांची लेक उज्वला म्हणते. लेकीनं बापाबद्दल असं बोलावं का, हा वेगळा विषय. पण ती खोटं बोलते असं कुणी म्हणत नाही, अगदी समोरची सिद्धम्मासुद्धा.

सिद्धम्माचं म्हणणं मोलाचं, कारण गल्लीत तिच्या नजरेतून काही सुटत नाही. ती उदगीरकडची. तिनं गेटला हिरवा पडदा लावून घेतलाय, बायकांना जरा आडोसा हवा म्हणून. पण ती स्वतः पडद्याच्या बाहेर खुर्ची टाकून बसते. भुजंगरावांच्या दारातल्या झाडाची साल काढून खरी हकिगत बाहेर आणली ती तिनंच. तिला दोष देण्यात अर्थ नाही. डोळ्यांसमोर घडत असेल तर माणूस किती वेळ तुरीच्या डाळीतले खडे बघत बसेल?

आता कस्तुराबाईंबद्दल सांगायला हवं, कारण झाड त्यांचं.

भुजंगरावांच्या नोकरीत या दांपत्यानं भाड्याची अकरा घरं बदलली. औसा, निलंगा, अहमदपूर, परत औसा. कस्तुराबाईंना झाडांचा नाद, आणि भाड्याच्या घरात जमीन कुणाची? म्हणून त्या डालड्याच्या, रंगाच्या, खाऱ्या बिस्किटांच्या डब्यांत झाडं लावायच्या. तुळस, अडुळसा, मोगरा, गवती चहा, एका फुटक्या बादलीत जास्वंद. घर बदललं की एका टेम्पोत संसार आणि दुसऱ्यात डबे. भुजंगराव डब्यांच्या टेम्पोत बसायला लाजायचे. ओळखीचं कुणी भेटलं तर ही बायको माझी नाही असा चेहरा करून रस्त्याच्या पलीकडं बघायचे. कस्तुराबाईंनी वाळलेल्या फांदीचा तुकडा जरी डब्यात खोचला तरी पंधरा दिवसांत त्याला कोंब यायचा. त्याचं कौतुक शेजारणींनी केलं, घरमालकिणींनी केलं. नवऱ्यानं एकदा विचारलं होतं की ह्यातलं खायला काय येतं.

खायला येणारं एकच झाड त्यांना हवं होतं, लिंबोणी. त्याला कारण औशाची घरमालकीण. त्या बाईच्या अंगणात लिंबोणी होती आणि ती बाई रोज संध्याकाळी झाडावरची लिंबं मोजायची. एकदा वाऱ्यानं पडलेलं एक लिंबू कस्तुराबाईंनी उचललं. घरमालकीण दारात आली आणि हात पुढं करून म्हणाली, ते आमचं हाय. कस्तुराबाईंनी दिलं. भुजंगराव तिथंच ओट्यावर दाढी करत होते. त्यांनी आरशातून बघितलं, गाल फुगवला आणि दुसऱ्या बाजूची दाढी सुरू केली. त्या दिवसापासून बाईंनी धरून ठेवलं की आपलं घर झालं की दारात लिंबोणी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं पडलेलं लिंबू खुशाल उचलून न्यावं.

नवऱ्याला चारचौघांत सांभाळून घेण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. भुजंगराव मेव्हण्याच्या लग्नाला पोचले नाहीत, उज्वलाच्या दहावीच्या निकालाला घरी नव्हते, सासरे दवाखान्यात असताना चार दिवस फिरकले नाहीत. कस्तुराबाई सगळ्यांना एकच सांगायच्या, कुठंतरी हापसा बिघडला होता. लातूर जिल्ह्यात तेव्हा खरंच इतके हापसे होते का, हा हिशोब कुणी केला नाही.

निवृत्तीनंतर घर झालं. खोल्या दोन, वर जिना, समोर पाच फुटांची पट्टी. कस्तुराबाईंनी त्या पट्टीत पिठानं रेघा आखल्या. इथं लिंबोणी, तिथं कडीपत्ता, भिंतीला लागून जास्वंदीचं कुंपण, कोपऱ्यात शेवगा. मग त्या बहिणीबरोबर माहूरला रेणुकेच्या दर्शनाला गेल्या, तीन दिवसांसाठी. भुजंगरावांची आयुष्यभराची एकच हौस शिल्लक होती, पाय कोरडे राहावेत. चौतीस वर्षं हापशाभोवतीच्या चिखलात गेली होती. त्यांनी त्या तीन दिवसांत गवंडी बोलावून पट्टीवर कोबा घालून घेतला, गेटपासून ओट्यापर्यंत, गुळगुळीत. बाई परत आल्या तेव्हा सिमेंट ओलंच होतं. हातातला प्रसाद धरून त्या गेटमध्ये बराच वेळ उभ्या राहिल्या. भुजंगरावांनी कोपऱ्यात दोन फुटांचा एक चौकोन मोकळा सोडायला सांगितलं होतं. तो बोटानं दाखवून म्हणाले, "तुला ठेवलाय की एक."

सिद्धम्मा सांगते, बाई तिथूनच मागं वळल्या आणि तिच्या गेटाशी आल्या. पूर्ण प्रसाद तिलाच दिला.

पुढच्या चैत्रात कस्तुराबाईंनी पहार घेतली आणि त्या चौकोनात खड्डा खणायला घेतला. खाली मुरूम, रोज चार बोटं खाली जायच्या. खड्डा उन्हाळाभर उघडा ठेवायचा, ऊन खाऊ द्यायचं, मृगात भरायचा, असं त्यांचं शास्त्र. जिन्याखाली दोन पोती भरून ठेवली. त्यांत लाल माती, कुजलेलं शेणखत, लिंबोळी पेंड, मूठभर वाळू, सगळं चाळणीतून काढून एकत्र केलेलं. त्या पोत्यांकडं नव्या सुनेच्या रुखवताकडं बघावं तसं बघायच्या. मृगाला पंधरा दिवस उरले होते.

त्या सकाळी भुजंगराव टेबलफॅन उघडून बसले होते. कस्तुराबाई आतून म्हणाल्या, छातीत भरून आल्यासारखं होतंय. भुजंगरावांनी स्क्रू दातांत धरूनच सांगितलं, गॅस असंल, ओवा खा. त्यांनी ओवा खाल्ला. दुपारी तीनला फॅन सुरू झाला आणि त्याच्या वाऱ्यात बाई निजल्यासारख्या पडल्या होत्या. नांदेडहून उज्वला आली तोवर सगळं आटपलं होतं. ओव्याची डबी ओट्यावर तशीच उघडी होती. ती लेकीनं बघितली आणि कुणी खाल्ला विचारलं. भुजंगरावांनी खरं सांगितलं. आयुष्यात तेवढं एकदा सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं गल्लीचं मत आहे.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. भुजंगरावांच्या मूळ गावाकडं आता काही वर्षांपासून राख नदीत सोडत नाहीत. शेतात नेतात, पसरतात आणि झाड लावतात. चांगली चाल आहे, तिला नाव ठेवायला जागा नाही. पण गावाकडं ती राख एकरभर रानात जाते. इथं उज्वलानं सांगितलं, आईनं खड्डा स्वतःच्या हातानं खणलाय, आई तिथंच राहील, चिमूटभरसुद्धा बाहेर जाणार नाही. लाकडं, गोवऱ्या, सगळ्यासकट दोन पोती राख, आणि खड्डा दोन फुटांचा. ती दाबून दाबून भरली. मग आलेल्या प्रत्येकानं आपापली माया ओतली. कुणी दूध, कुणी दही, कुणी नारळाचं पाणी, एका मावशीनं गोमूत्र, एका काकांनी गंगेचं पाणी म्हणून आणलेलं बाटलीतलं काहीतरी. औसा रोडवरून कुणीतरी लिंबोणीचं रोप आणलं, ते वरती खोचलं. जिन्याखालच्या दोन पोत्यांतली माती खड्ड्यात घालायची राहिलीच. जागाच नव्हती.

सिद्धम्मानं तेव्हा पडद्यापाशी उभं राहून सुस्कारा सोडला होता. ती लिंगायत, त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात, त्यामुळं राखेचं कुठं काय करायचं हा प्रश्न तिच्या माहेरात कधी उठलाच नव्हता.

चौदाव्या दिवशी नांदेडला परतताना उज्वला गेटजवळ थांबली. "बाबा," ती म्हणाली, "आईकडं तुम्ही कधी बघितलं नाही. आता ह्याच्याकडं तरी बघा. वर्षश्राद्धाला येईन तेव्हा हे जगलेलं पाहिजे मला."

बास. एवढंच बोलली. पण भुजंगरावांना ते न्यायाधीशानं तारीख द्यावी तसं ऐकू आलं. एक वर्ष, एक झाड. ते जगलं तर लेक बापाच्या घरी येत राहील, नाही जगलं तर ओव्याची डबी कायमची उघडी.

आणि माणूस कामाला लागला, हे मान्य करायला हवं. ज्यानं बायकोच्या डब्याला चाळीस वर्षांत एक तांब्या पाणी घातलं नव्हतं, तो सकाळी उठून चहाआधी रोपापुढं उकिडवा बसायचा. नळ आठवड्यातून एकदा येतो, तरी त्यांनी स्वतःची आंघोळ दोन तांब्यांवर आणली आणि बाकीची बादली झाडाला. सिद्धम्माला वाऱ्याची दिशा बदलली की कळायचं. कस्तुराबाईंचे डबे या नादात वाळायला लागले तेव्हा तीच ते उचलून आपल्या गेटाशी घेऊन गेली. ते तिथं आजही ओळीनं उभे आहेत आणि निर्लज्जासारखे फुलतात.

दर रविवारी सकाळी दहाला उज्वलाचा फोन. पहिला प्रश्न एकच, झाड कसं आहे. भुजंगराव फोन घेऊन खड्ड्यापाशी जायचे, तिला दाखवायचे. आषाढापर्यंत दाखवण्यासारखं होतं. श्रावणात पानं पिवळी पडायला लागली, आणि तीही विचित्र. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. भुजंगरावांना वाटलं पाणी कमी पडतंय. पाणी वाढवलं. मग वाटलं अशक्तपणा असेल, म्हणून दुकानातून युरिया आणून दोन ओंजळी टाकला. कोब्यात बसवलेला खड्डा म्हणजे काय, सिमेंटचं घंगाळच. घातलेलं जाणार कुठं? दसऱ्याला रोपाची काडी हातात आली. मोडली तर टक् वाजली.

त्या रविवारी फोन आला तेव्हा भुजंगरावांनी सांगितलं, नेट न्हाई, दिसणार न्हाई. आणि सोमवारी ते मकसूदकडं गेले.

मकसूदची नर्सरी औसा रोडला आहे, हिरव्या जाळीखाली. घराणं लातुरातलं जुनं. त्याचा आजोबा निजामाच्या काळात कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. हा साहेब मकसूदच्या तोंडी आधी नायब तहसीलदार होता, मग तहसीलदार झाला, आणि आता तालुकदार झालाय. मकसूदचं वय वाढेल तसा वरच चढत राहील. पण झाडातलं त्याला कळतं. रोपं विकण्यापेक्षा त्याचं घर चालतं ते भाड्याच्या कुंड्यांवर. लग्न, साखरपुडा, क्लासवाल्यांचे सत्काराचे कार्यक्रम, सगळीकडं मांडवात ज्या पामच्या आणि फुलांच्या कुंड्या दिसतात त्या त्याच्या. त्यांचं येणं-जाणं त्याची बायको बेगमबी बघते, आणि तिच्या वहीतून एक कुंडी इकडची तिकडं होत नाही.

भुजंगरावांनी मेलेल्या रोपाच्याच उंचीचं दुसरं रोप मागितलं. मकसूदनं उंची कशाला, जात चांगली बघा म्हटलं. ह्यांनी दोरीनं मोजून आणलं होतं. तरी मिळालं ते वीतभर लहानच. पहाटेच लावलं, तरी समोरून आवाज आलाच.

"अण्णा," सिद्धम्मा म्हणाली, "तुमचं झाड ठेंगणं झालं की वो."

"छाटलं," भुजंगराव म्हणाले.

रविवारी उज्वलानंही तेच विचारलं, त्यांनी तेच सांगितलं. तिनं जरा थांबून, बरं, म्हटलं. दिवाळीला ती आली नाही. वर्षाच्या आत सण नको म्हणाली. दुसरी लिंबोणी संक्रांतीनंतर गेली, तशीच, शिरा हिरव्या आणि मध्ये पिवळी. भुजंगराव तिसरं रोप न्यायला आले तेव्हा मकसूदला राहवलं नाही. गिऱ्हाईक परत परत येतं याचा आनंद धंदेवाल्याला असायला हवा, पण मकसूदला आपल्या रोपांची बदनामी होते याचं दुःख जास्त. तो म्हणाला, मी येऊन बघतो.

तो आला, उकिडवा बसला. मेलेलं रोप उपटलं, खड्ड्यातून एक ढेकूळ काढलं. राखाडी, दगडासारखं. त्यानं भुजंगरावांकडं लिंबू मागितलं. त्यांनी स्वयंपाकघरातून बाजारचं लिंबू आणून दिलं. मकसूदनं ते दातांनी फोडून ढेकळावर पिळलं. चुर्र झालं आणि पांढरा फेस आला.

"काका, खरं सांगा," मकसूद म्हणाला, "ह्यात टाकलंय काय?"

भुजंगराव म्हणाले, "कस्तुराबाई."

मकसूदचा हात तसाच हवेत राहिला. बोटांवर राख. ती झटकावी, पुसावी की धुवावी, त्याला कळेना. शेवटी त्यानं ढेकूळ जिथून काढलं होतं तिथं दोन्ही हातांनी परत ठेवलं. सिद्धम्मानंसुद्धा त्या वेळी खुर्ची आत ओढून घेतली. पण ऐकलं सगळं.

मकसूदनं मग हळू आवाजात समजावलं. आपली काळी माती आधीच चुन्याची. त्यात राख म्हणजे आणखी खार. शेतात पसरली तर औषध, घंगाळात कोंडली तर विष. लिंबोणी ही तर फार नाजूक, तिला ते पहिल्यांदा बाधतं. पाणी कितीही घाला, खत घाला, मुळं त्याला तोंड लावणार नाहीत. "सगळं काढावं लागंल, काका. तीन फूट. नवी माती भरू. भाभीची मूठभर वरतून ठेवू की. बाकीची नांदेडला, गोदागंगेला सोडा."

"आन मग ते झाड कुणाचं?" भुजंगरावांनी विचारलं.

 मकसूदनं दुसरं सुचवलं, कोबा फोडा, चार हात बाजूला लावू. भुजंगरावांनी तेही मनात फिरवून बघितलं. आई इकडं आणि झाड तिकडं, हे लेकीला काय म्हणून दाखवायचं? आणि कोबा फोडायचा तर तेव्हाच का नाही फोडला, जेव्हा बाई गेटमध्ये प्रसाद धरून उभ्या होत्या? तिसरं रोप त्यांनी त्याच खड्ड्यात लावलं. मकसूद नको नको म्हणत असताना लावलं. जाताना तो एवढंच म्हणाला की ह्याचे पैसे नको.

चैत्र संपत आला तेव्हा तिसऱ्या रोपाला तीन पानं होती. मग दोन. वर्षश्राद्धाला अठरा दिवस उरले असताना एकही नव्हतं.

त्या सकाळी भुजंगरावांनी जिन्याखालची पहार काढली, कस्तुराबाईंचीच. पोत्यांना कसर लागली होती. आतलं चाळलेलं खत अजून मऊ होतं, हात घातला तर ओळखीचा वास आला. त्यांनी ठरवलं होतं की काढायचं. मकसूद म्हणतो तसं, तीन फूट. काडी उपटली. तिच्या बुडाशी मुळांचा गोळा निघाला, पिशवीतून काढला तेव्हा होता तेवढाच, तसाच गोल. एकही मूळ बाहेर आलेलं नव्हतं. तीन महिने झाड दारात बसून होतं, आत आलंच नव्हतं.

मग पहार मारली. राखेचं पार सिमेंट झालं होतं. टण् आवाज आला. भुजंगराव थांबले, मान तिरकी केली, परत मारली. हा आवाज त्यांनी शेकडो गावांत ऐकला होता. तो ऐकून ते लोकांना सांगायचे, दांडा सोडा आता, खाली काही नाही. लोक ऐकायचे नाहीत, हापसत राहायचे, आणि भुजंगरावांना त्यांचा राग यायचा.

राखेचा भाकरीएवढा एक थर सुटून वर आला. तो त्यांनी दोन्ही हातांत घेतला. वजन असं काही नव्हतंच. पोत्यात टाकायला वळले, आणि तिथंच अडले. सिद्धम्मा सांगते, पाच मिनिटं तरी ते असेच वाकून उभे होते, पाठीत उसण भरल्यासारखे. तिला वाटलं मदतीला जावं. मग त्यांनी तो थर परत खड्ड्यात ठेवला, कडा जुळवल्या, तळव्यानं थोपटून बसवला आणि वरून तांब्याभर पाणी सोडलं. ते पाणी दुपारपर्यंत वरच साचून होतं.

पुढची कल्पना कुणाची, यावर गल्लीत दोन मतं आहेत. मकसूद म्हणतो काकांची, काका म्हणतात मकसूदची. वर्षश्राद्धाच्या आदल्या सकाळी मकसूदचा टेम्पो आला. त्यात चार फुटांची भरगच्च लिंबोणी, कलमी, फांद्यांना अठरा-वीस लिंबं. ती भाड्याची होती. मांडवात फळझाड ठेवायची हौस असणाऱ्या लोकांसाठी बेगमबीनं अशा दोन मुद्दाम वाढवल्या होत्या. परवा एका साखरपुड्याला ती ठरलेली होती, म्हणजे उद्या संध्याकाळनंतर परत द्यायची. वरचा, कुंडीपुरता, फूटभर थर पहारीनं फोडून काढला; तेवढी राख भुजंगरावांनी पाटीत भरून, फडकं टाकून घरात देवाजवळ ठेवली. लिंबोणी काळ्या प्लास्टिकच्या कुंडीसकट चौकोनात उतरवली. कड झाकायला माती हवी होती. भुजंगराव जिन्याखाली गेले आणि कस्तुराबाईंची चाळलेली माती घमेल्यातून घेऊन आले. शेवटी ती कामाला आली, कुंडी लपवायला.

सिद्धम्मानं सगळं बघितलं आणि त्या दिवशी ती पडद्याच्या आत बसली. दिवसभर आत बसण्याची तिची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी उज्वला आली. गेट उघडलं आणि तिथंच थबकली, आई थबकली होती अगदी त्याच ठिकाणी. झाडाकडं बघितलं. मग बापाकडं बघितलं. वर्षभरात असं सरळ बघितलं नव्हतं. जवळ जाऊन तिनं एक लिंबू तोडलं, नखानं साल खरवडली, हुंगलं, आणि पर्समध्ये ठेवलं. "बाबा, तुम्ही जेवता का नीट? वाळलात," असं म्हणाली. भुजंगराव ओट्यावर बसले होते. त्यांनी मान हलवली. 

पाहुणे जमले, फोटोला हार झाला, नैवेद्य झाला. जेवणाआधी झाडाला पाणी घालायचं म्हणून उज्वलानं भरलेली कळशी उचलली आणि एका धारेनं सगळी ओतली. कुंडी ती, तिला एवढं पाणी कुठलं पेलणार? पाणी वर आलं, चौकोन नीट भरायच्या आतच एका गोल रेषेवरून बाहेर सांडलं, आणि चाळलेली हलकी माती त्याबरोबर वाहून कोब्यावर आली. उज्वला खाली बसली. तिनं बोटानं त्या गोल रेषेवरची माती बाजूला सारली. काळी कड. बोट तसंच कडेकडेनं फिरवत नेलं, पूर्ण वेढा घेऊन जिथून निघालं होतं तिथं आणलं.

भुजंगराव ओट्यावरून बघत होते. 

मागून एक मावशी आली, तीच गोमूत्रवाली. तोंड भरून म्हणाली, काय गं बाई झाड, वर्षात केवढं झालं, तुझ्या बापानं केलं तरी काय? तोवर उज्वलानं वाहिलेली माती दोन्ही हातांनी ओढून कडेवर परत लोटली होती. वरून तळव्यानं थोपटून बसवली. मग पदराला हात पुसत उठली.

"बाबांनी पाणी लई घातलं, मावशी," ती म्हणाली.

आवाज तिचा होता. चाल आईची होती, हापसा बिघडला होता सांगायची तीच. भुजंगरावांनी ती चाळीस वर्षं ऐकली होती आणि तिच्यात इतकं काही मावत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

ती जेवली, भांडी आवरू लागली, मावशीला बसस्टँडवर सोडायची सोय केली. बापाशी बोलली तेही व्यवस्थित, बीपीची गोळी, गॅसचा नंबर. चारला निघाली. गेटजवळून जाताना झाडाकडं मान वळवली नाही.

सहाला मकसूद आला. कुंडी उचलून टेम्पोत चढवली. एक लिंबू कमी होतं, हे फांदीवरचं ताजं देठ सांगत होतं. मकसूदनं लिंबं मोजली नाहीत. बेगमबीला काय सांगायचं ते तो सांगेल. टेम्पो निघाला तेव्हा लिंबं डुलत डुलत कोपऱ्यापर्यंत दिसत होती. भुजंगरावांनी देवाजवळची पाटी आणून राख खड्ड्यात परत ओतली.

रात्रीच्या दिव्यासाठी फोटोपाशी गेले तेव्हा त्यांना ते लिंबू दिसलं. हाराच्या मागं ठेवलेलं, नखाचा ओरखडा असलेलं. नेलं नव्हतं तिनं.

ते अजून तिथंच आहे. वाळून सुपारीएवढं झालंय, हातात घेतलं तर आत बी खुळखुळतं. खड्डाही तसाच आहे. नळ आला की पहिली बादली भुजंगराव तिथं ओततात, दुपारपर्यंत ती तशीच चमकत पडलेली असते आणि सिद्धम्माची मांजर त्यातलं पाणी पिऊन जाते. मकसूदनं नवं रोप आणू का म्हणून दोनदा विचारलं. भुजंगराव बघू म्हणाले.

रविवारचा फोन येतो, दहाला म्हणजे दहाला. त्यात खंड नाही. गुडघा कसा आहे, पोळ्यावाली बाई येते का, ऊन फार आहे, दुपारी बाहेर पडू नका. भुजंगराव पावणेदहापासून फोन घेऊन खड्ड्यापाशी ओट्यावर बसलेले असतात. या वेळी विचारलंच, तर सगळं खरं सांगायचं, पहिल्या रोपापासून, असं त्यांनी ठरवून ठेवलंय. शब्दसुद्धा जुळवलेत, सिद्धम्मानं ते पुटपुटताना ऐकलेत. पाच मिनिटं बोलणं होतं, सहा होतात. मग ती, ठेवते बाबा, म्हणते.

झाडाचं ती विचारत नाही.